चावीवाला

माझं काम साधं आहे.
पहाटे साडेचारला लोखंडी चावी खांद्यावर घ्यायची,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चौदा आटे फिरवायचे
आणि ऐकत राहायचं :
पाइपात आधी हवा खोकते, मग पाणी येतं.
बावीस वर्षं. चंदननगर, वडगावशेरी, थोडं खराडी.
लोकांना माझं नाव ठाऊक नाही.
"ओ चावीवाले, आज प्रेशर नाही!"
घरी मी इग्नास.

चर्चची लाइन माझ्याच व्हॉल्व्हवर.
म्हणजे दाराशी भिंतीतल्या त्या दगडी वाटीत
जे पवित्र पाणी असतं
ते कधीतरी माझ्या हाताखालून गेलेलं.
हे माहीत असून
आत शिरताना मी बोट बुडवतो,
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा,
आणि ते गार लागतं,
दुसऱ्याच कुणी पाठवल्यासारखं.

एकदा मी आगाऊपणा केला.
क्लोरिन तपासायची बाटली खिशात होतीच.
चर्चमधून नुकतंच आणलेलं पाणी नळीत घेतलं,
थेंब टाकले, हलवलं.
फिकट पिवळं झालं. नियमात बसणारं पिवळं.
आई मागे उभी होती.
वाटलं, आता ओरडेल.
"बरंय की," म्हणाली, "पोट तरी बिघडणार नाही."

तिची बाटली खोकल्याच्या औषधाची.
लेबल खरवडून वर पेनानं क्रूस काढलाय;
शाई पुसते, ती पुन्हा काढते.
जागा दाराशी, लाइटबिलांच्या खिळ्याखाली.
परीक्षेला निघालेल्या फ्लावियाच्या भांगात दोन थेंब.
नव्या स्कूटरच्या हँडलवर चार,
हेल्मेटवर एक, "आणि ते डोक्यात घालायचं, डिकीत नाही."
शेजारच्या मोहिते वहिनी रात्री येतात :
"जरा तुमचं तीर्थ द्या, बाळ दचकतंय."
आई देते. वर बजावते,
"सकाळी डॉक्टरकडे न्या. हे पाणी डॉक्टरला नको म्हणत नाही."
मग करतं काय ते?
मी विचारलं होतं, लहानपणी नव्हे, चाळिशीत.
"तू रडला होतास," ती म्हणाली,
"फादरांनी डोक्यावर ओतलं तेव्हा. महिन्याचा होतास.
तुला आठवत नाही ना? म्हणून रोज थोडं."

अवघड वार गुरुवार.
दुरुस्तीसाठी पाणी बंद,
आणि पवित्र गुरुवारी फादर लुकसना बारा जणांचे पाय धुवायचे असतात.
बुधवारीच फोन येतो : "इग्नास, दोन बादल्या भरून ठेव."
यंदा त्या बारांत मी.
गमबुटात पांढरे पडलेले पाय,
भेगांत खड्ड्यातली माती, घासूनही न गेलेली.
फादर गुडघ्यावर बसले
आणि मीच भरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतू लागले.
मला वर बघता आलं नाही.

शुक्रवारी वाटी रिकामी.
सवयीनं बोट गेलं, दगडाला लागलं.
कोरडा नळ मला नवा नाही, त्याच्या शिव्या मी खातो.
इथे कुणी तक्रार केली नाही.
कोरडं बोट तसंच कपाळाला लावून
सगळे आत गेले.

शनिवारी रात्री निळा प्लास्टिकचा ड्रम, भोवती पांढरी चादर.
पास्काची मेणबत्ती तीनदा बुडाली, तीनदा वर आली.
मग बाटल्यांची रांग.
टँकरपुढे भांडणारी तीच माणसं;
इथेही जरा ढकलाढकली झालीच.

घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता.
गेल्या वर्षीचं उरलेलं पाणी
आईनं कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं,
हे पाणी मोरीत जात नाही.
नवी बाटली खिळ्याखाली ठेवता ठेवता म्हणाली,
"तुझी ती चावी आण इकडे."
दारामागची चावी मी आडवी धरली.
तिनं दांड्यावर शिंपडलं, मुठीवर, माझ्या बोटांवर.
"गंजेल," मी म्हणालो.
"गंजलेलीच आहे," ती म्हणाली,
"झोप आता. साडेचारला उठायचंय."